मुलांचें संगणकशिक्षण आणि पुण्याचा अनुभव

मुलांस संगणक शिकवावा कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत इयत्ता सहावीपासून आज्ञावली लिहिण्याचे उपक्रम सुचविलेले आहेत. प्रश्न उरला आहे तो, संगणकाच्या नांवाखालीं मुलांस नेमकें काय शिकवावें, हा. त्याचें उत्तर शोधतांना मागील इतिहासाकडे दृष्टि टाकणें आम्हांस अवश्य वाटतें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घडविलेलें ‘टिफ्रॅक’ हें यंत्र १९६० सालीं चालूं लागलें. परंतु तें शास्त्रज्ञांचें साधन होतें. शाळकरी मुलाचा त्याच्याशीं संबंध येण्याचें कारण नव्हतें. शाळांत संगणक नेण्याचा देशव्यापी प्रयत्न भारत सरकारनें १९८४-८५ मध्यें ‘क्लास’ या योजनेनें केला, व प्रारंभीं सुमारें अडीचशें शाळांस ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ हीं यंत्रें दिलीं. या यंत्राचा एक गुण विसरण्याजोगा नाहीं. तें सुरू करतांच बेसिक भाषेंतील आज्ञेची वाट पाहात थांबे. मुलानें कांहीं सांगितल्यावांचून तें कांहींच करीत नसे. अर्थात् पहिल्या क्षणापासून सांगणारा मुलगा व ऐकणारें यंत्र असें नातें जुळे.

याच सुमारास प्रबळ महासंगणक परदेशांतून आणण्याच्या मार्गांत अमेरिकेचे निर्यातनिर्बंध आड आले. तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, आणि श्री. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचें मर्म घरांतील मुलांसहि समजावितां येतें. पांचशें पानांच्या पंगतीस एकच वाढपी कितीहि चपळ असला तरी पुरा पडत नाहीं. परंतु साठ वाढप्यांत कामाची नीट वांटणी केली, तर पंगत वेळेवर उठते. ‘परम’मध्यें याच न्यायानें अनेक लहान गणकांस एकत्र जुंपलें होतें. विकत न मिळालेली वस्तु येथें घडूं शकली, कारण तिचें अंतरंग जाणणारीं माणसें येथें होतीं.

पुढें २००१ सालीं ‘महाराष्ट्र ज्ञान महामंडळ’ स्थापन झालें, व त्याच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमानें गांवोगांवच्या असंख्य लोकांची संगणकाची भीति घालविली. हें कार्य लहान नव्हे. तथापि टांग्यांत बसतां येणें निराळें आणि घोडा हांकतां येणें निराळें. आज मुलांच्या हातीं जीं यंत्रें पडतात, तीं बहुधा आज्ञेची वाट पाहात नाहींत. उलट मुलांसच पुढें काय पाहावें हें सुचवितात. चाळीस वर्षांपूर्वींचें नातें येथें उलटें झालें आहे, आणि आमच्या मतें काळजीचें स्थान हेंच होय.

तें नातें पुन्हा सुलट करण्यास महाग सामग्रीची गरज नाहीं. वृत्तें शिकलेल्या मुलास लघु व गुरु ठाऊक असतात. तीन अक्षरांच्या जागीं या दोहोंची मांडणी आठच प्रकारें होते. म्हणूनच य, म, त, र, ज, भ, न, स हे गण आठ आहेत. अशा मांडण्यांचा क्रमवार प्रस्तार पिंगलाच्या छंदःशास्त्रांत आहे. लघूच्या जागीं शून्य व गुरूच्या जागीं एक लिहा, कीं संगणकाची अंकलिपि हातीं आली. आठ जागा घेतल्या तर २५६ मांडण्या होतात. राहिली आज्ञावली. आजी नातीस मोदक शिकवितांना ‘मीठ अंदाजानें घाल’ म्हणते. यंत्रास मात्र अंदाज कळत नाहीं. त्यास चिमूट किती, केव्हां, आणि पुढें काय, हें सारें क्रमानें सांगावें लागतें. १९६७ सालीं अमेरिकेंत सेमूर पेपर्ट व त्यांचे सहकारी यांनीं ‘लोगो’ ही मुलांची भाषा रचली, ती याच तत्त्वावर. ‘शंभर पावलें पुढें जा, काटकोनांत वळ,’ असें चार वेळां सांगितलें कीं चौकोन उमटतो. कोन चुकला, तर आकृति वांकडी होते. मग मूल आपलीच आज्ञा पुन्हा वाचून दोष शोधतें. छडी किंवा गुण यांच्या धाकावांचून आपली चूक आपण दुरुस्त करण्याची ही संवय आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

हें शिक्षण मराठींत होणें शक्य आहे. देवनागरीसह भारतीय लिप्या संगणकावर आणणारें ‘जिस्ट’ तंत्र कानपुरास जन्मलें व पुण्याच्या सी-डॅकमध्यें वाढलें. तेव्हां लिपीची सबब कधींच संपली आहे. संपन्न घरांतील मुलांस शुल्क भरून हें ज्ञान कोठेंहि मिळेल. परंतु नगरपालिकेच्या मराठी शाळेंतील मुलगी केवळ पडद्यावर बोट फिरवूं लागली, तर परकीय यंत्रावरील ज्या परावलंबनांतून ‘परम’नें वाट काढली, तेंच तिच्या वांट्यास येईल. सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्या मुलांबरोबर शेजारच्या शाळेंतील चार मुलांसहि रविवारीं एक तास बोलवावें, आणि कागद-पेन्सिलीनें लघु-गुरूंपासून प्रारंभ करावा. यंत्र मागाहून आलें तरी चालेल.