पिकअप ट्रकवर स्लाइड-इन कॅम्पर सुरक्षित कसा बसवायचा? संपूर्ण माहिती मराठीत

अमेरिकेतले रोड ट्रिपचे रील्स बघताना तुम्ही एक गाडी नक्की पाहिली असेल. पुढे पिकअप ट्रक आणि त्याच्या पाठीवर बसवलेलं छोटंसं घर. यालाच स्लाइड-इन कॅम्पर किंवा ट्रक कॅम्पर म्हणतात. मी कोलोरॅडोमध्ये राहतो आणि माझ्याकडे असा एक जुना कॅम्पर आहे. आजच्या लेखात आपण तो ट्रकच्या हौद्यात घट्ट कसा बसवायचा ते जाणून घेणार आहोत. मी केलेली चूकही सांगणार आहे, कारण खरं शिक्षण तिथेच झालं.

स्लाइड-इन कॅम्पर म्हणजे काय?

हा कॅम्पर ट्रकला कायमचा जोडलेला नसतो. तो चार कोपऱ्यांतल्या जॅकवर उभा असतो. ट्रक रिव्हर्स घेऊन त्याच्याखाली आणायचा, जॅक खाली घ्यायचे, की कॅम्पर हौद्यात बसतो. बहुतेक वेळा मागचा फाळका, म्हणजे टेलगेट, आधी काढून ठेवावा लागतो. आत बेड, गॅस, सिंक, पाण्याची टाकी असं सगळं असतं.

आता गंमत बघा. इतकं जड घर हौद्यात नुसतं ठेवलेलं असतं. ब्रेक, वळण, खड्डा आणि वारा हे चौघं मिळून त्याला सतत हलवत असतात. म्हणून बांधणी महत्त्वाची.

माझी चूक काय झाली?

पहिल्याच ट्रिपला डेन्व्हरहून युटामधल्या मोआबला निघालो होतो. मी, मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. निघायची घाई होती. मी सामान बांधायचे साधे रॅचेट पट्टे घेतले आणि हौद्यातल्या छोट्या कड्यांना अडकवले. "एवढं वजन आहे, ते कुठे जातंय?" असं मीच म्हणालो होतो.

आय-७० हायवेवर ग्लेनवूड कॅन्यनची वळणं सुरू झाली आणि मागून "धप्प" असा आवाज आला. गाडी थांबवून बघतो तर कॅम्पर डावीकडे चार बोटं सरकलेला. एक पट्टा हौद्याच्या कडेवर घासून अर्धा तुटला होता. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. तो पट्टा पूर्ण तुटला असता तर काय झालं असतं, हे मी आजही मनात आणत नाही. हळूहळू ग्लेनवूड स्प्रिंग्सपर्यंत गेलो आणि ट्रिप तिथेच संपवली.

पायरी १: आधी वजनाचा हिशोब करा

अमेरिकेतल्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराजवळ एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर किलो आणि पाउंड दोन्हींत लिहिलेलं असतं. याला पेलोड म्हणतात. स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. एक उदाहरण बघू:

- पेलोड: १,१८० किलो
- रिकामा कॅम्पर: ८१६ किलो
- ३० गॅलन पाणी: सुमारे ११४ किलो
- गॅस, बॅटरी, सामान: १५० किलो
- तीन माणसं: २०० किलो

एकूण झाले १,२८० किलो, म्हणजे १०० किलो जास्त! कॅम्परच्या जाहिरातीत फक्त रिकामं वजन दिसतं, आणि फसगत इथेच होते. या उदाहरणात टाकी रिकामी ठेवून निघालं आणि मुक्कामी पाणी भरलं, तर हिशोब १,१६६ किलोवर येतो.

खात्री करायची असेल तर ट्रक थांब्यांवरच्या कॅट स्केल काट्यावर जा. त्यांच्या 'वे माय ट्रक' ॲपमध्ये पैसे भरता येतात आणि दोन्ही ॲक्सलची वजनं मोबाइलवरच मिळतात. टायरवरची भार क्षमताही तपासा.

पायरी २: तोल कुठे पडतो ते बघा

फक्त एकूण वजन बघून भागत नाही. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे यायला हवा. तो मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंगवरचा ताबा कमी होतो. कॅम्पर वाहण्यायोग्य ट्रकसोबत ही मर्यादा कळवणं अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार कंपनीला बंधनकारक आहे. कॅम्परवर गुरुत्वमध्याची खूण असेल, तर ती ट्रकच्या मर्यादेशी जुळवून बघा.

पायरी ३: रबर मॅट आणि लाकडी ठोकळा

हौद्याचा पत्रा किंवा प्लास्टिक गुळगुळीत असतं. खाली जाड रबर मॅट टाकली की कॅम्पर सहजासहजी सरकत नाही. कॅम्पर आणि हौद्याची पुढची भिंत यांत फट राहत असेल तर तिथे लाकडी ठोकळा लावा. नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर कॅम्पर पुढे आदळतो.

पायरी ४: टाय-डाउन आणि टर्नबकल

टाय-डाउन म्हणजे ट्रकला बसवलेले अडकवण्याचे बिंदू. ते मुख्यतः दोन प्रकारचे असतात:

- चेसिसला बसवलेले: ताण थेट ट्रकच्या सांगाड्यावर जातो. महाग, पण सर्वांत भक्कम.
- हौद्याला बसवलेले: स्वस्त आणि हलके, पण ताण पत्र्यावर येतो. जड कॅम्पर असेल तर पत्रा वाकू किंवा फाटू शकतो.

फोर्ड एफ-१५० चं बॉडीवर्क २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचं आहे. अशा हौद्यासाठी मी तरी चेसिसवालेच निवडेन.

टाय-डाउन आणि कॅम्पर यांना जोडतो तो टर्नबकल. फिरवला की आखूड होऊन ताण देणारा हा लोखंडी दांडा. चार कोपऱ्यांना चार लागतात. स्प्रिंगवाले घेतलेले बरे, कारण धक्का स्प्रिंग झेलते. साधारणपणे पुढचे दोन खाली-पुढे आणि मागचे दोन खाली-मागे ओढतील असे लावतात. डावा-उजवा आलटून पालटून आवळा, ताण दोन्हीकडे सारखा हवा. अति आवळलं तर कॅम्परची चौकटच उखडू शकते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या खुणेपर्यंतच थांबा. शेवटी लॉक नट लावायला विसरू नका.

पायरी ५: निघण्याआधी मोबाइल बाहेर काढा

- टर्नबकलच्या नटवर मार्करने सरळ रेघ मारा आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा. पुढच्या थांब्यावर रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय.
- कॅम्पर आणि हौद्याच्या भिंतीमधल्या फटीचा फोटो काढा. सरकला की लगेच कळतं.
- कॅम्परची वायर ट्रकच्या सात पिनच्या सॉकेटला जोडून ब्रेक लाइट आणि इंडिकेटर दुसऱ्याकडून बघून घ्या.
- चारही जॅक पूर्ण वर आहेत ना, ते बघा.

पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळा. सगळं जागेवर बसताना थोडी ढील येतेच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टेलगेट काढल्यावर रिव्हर्स कॅमेरा चालतो का?
कॅमेरा टेलगेटमध्येच असेल तर नाही. वायर जपून काढा आणि कॅम्परच्या मागे वेगळा कॅमेरा लावा.

प्रवासात कॅम्परमध्ये बसता येतं का?
अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. माझ्या गाडीत उत्तर एकच: नाही.

भारतात पिकअपवर असा कॅम्पर बसवू का?
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. आधी आरटीओत चौकशी करा.

शेवटी एवढंच...

पुढच्या वर्षी आम्ही मोआबला पोहोचलो. या वेळी चेसिसचे टाय-डाउन होते. प्रत्येक थांब्यावर पुतणी माझा मोबाइल घेऊन चारही कोपऱ्यांच्या रेघा फोटोशी जुळवायची आणि ओरडायची, "काका, चारही ओके!" ते ऐकल्याशिवाय मी आजही गाडी सुरू करत नाही.

माहिती उपयोगी वाटली तर ट्रिपची घाई करणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की शेअर करा.