द्राक्षविद्येचीं साधनें

खराडी हें नगर रस्त्यावरील, मुळा-मुठेच्या कांठचें जुनें गांव. इ. स. १९९७ मध्यें तें पुणें महानगरपालिकेंत आलें. त्याच वर्षीं जवळच्या मांजरीस राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालें. मांजरीच्याच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनें वाइन व अल्कोहोल तंत्रज्ञानाचें पदव्युत्तर शिक्षण चालविलें आहे. ‘ही विद्या आपल्याकडे प्राचीनच आहे,’ असें विधान अशा प्रसंगीं ऐकूं येतें. तें साधनांवर घांसून पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रांत (२.२५) द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटलें असून, कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें उत्पत्तिदेशांवरून दिलीं आहेत. पाणिनीनेंही (४.२.९९) कापिशी नगरीवरून ‘कापिशायन’ शब्द सिद्ध केला आहे. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचें बेग्राम. अर्थात् हा पुरावा वायव्येकडचा. दक्षिणेंत द्राक्षमद्य होत असे, हें त्यावरून ठरत नाहीं.

त्याच प्रकरणांत मेदक व प्रसन्ना या धान्यमद्यांस उडीद-तांदुळाचा किण्व सांगितला आहे. मधूस मात्र केवळ रस. हा भेद यथार्थ आहे, कारण यीस्ट द्राक्षाच्या सालीवर स्वभावतःच असतें व चुरलेला रस आपोआप आंबूं लागतो. यीस्टलाही आज मराठींत किण्व म्हणतात. शब्द तोच, पदार्थ निराळा. शार्ङ्गधरसंहितेंतील द्राक्षारिष्टांत द्राक्षांचा काढा, गूळ व मसाल्याचीं द्रव्यें येतात. तें औषध होय. त्यास वाइनचा पूर्वज ठरविणें बरोबर नव्हे.

मग दक्षिणेचें स्वतःचें असें काय? चौदाव्या शतकांत दौलताबादेस आलेल्या इब्न बतूतानें तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, अशी नोंद केली आहे. आमच्या मतें खरें मर्म येथें आहे. फ्रान्सांतील वेल कडक थंडींत निजतो व त्याची मुख्य छाटणी वर्षांतून एकदांच होते. आपल्याकडे वेल निजत नाहीं. त्यास कात्रीनेंच ऋतु शिकवावा लागतो. एप्रिलांतील खरड छाटणीनंतरच्या नव्या काडींत घडाचे डोळे तयार होतात. ऑक्टोबरांतील गोडी छाटणीनंतर ते फुटून पीक येतें. (‘खरड’ शब्दावरून कोणीं खराडीची व्युत्पत्ति लावूं नये; नादसाम्य हा पुरावा नव्हे.) वाइनच्या द्राक्षांचे वाण युरोपांतून आले, पण त्यांसही येथें हाच दुहेरी क्रम लागू पडला.

ही विद्या पोथ्यांत नाहीं. ती बागाइतदारांच्या वह्यांत आहे. छाटणीच्या तारखा, भुरी व केवड्याचे उपद्रव, भोकरी, फकडी, साहेबी या वाणांचे हिशेब त्यांत सांपडावयाचे. इ. स. १९६० नंतरच्या दशकांत थॉम्पसन सीडलेसचा प्रसार होऊन जुने वाण मागें पडले. त्यांची माहिती देणाऱ्या वह्या रद्दींत गेल्या, तर ती पुन्हा मिळवितां येणार नाहीं. मोडीच्या एका फाटक्या पत्रासाठीं दहा गांवें हिंडणाऱ्या संग्राहकांनीं या वह्यांसही दफ्तरांत जागा द्यावी; आणि गांव, विहीर, वाण व वर्ष यांची टीप पहिल्याच पानास जोडावी. प्राचीनत्वाच्या शंभर विधानांपेक्षां अशी एक वही इतिहासास अधिक उपयोगीं पडेल.