या यानाला डिझेल कोण पुरवतं?

लोणखेड्यात टीव्हीवरच्या नव्या मालिकेचा पहिला भाग पाहायचा कमी आणि तपासायचा जास्त, अशी रीत होती. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याचे दात पाहतो, तसा. त्यातही मालिका अंतराळातली, यंत्रमानवाची किंवा परग्रहावरच्या माणसांची असली की तपासणी जास्तच कडक व्हायची.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण पहिल्या भागाला माझी हजेरी ठरलेली असे. शहाद्यात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि घर गोमाई नदी ओलांडून लोणखेड्याला. कुणाच्या घरी नवी मालिका पाहायला गर्दी जमणार म्हटलं, की मला धाब्यावर चढवून अँटेनाचा पाइप हातात दिला जाई. खालून ओरड यायची, "मुंग्या आहेत अजून, जरा गुजरातकडे फिरव!" चित्र स्थिर झालं की मी खाली उतरून दाराशी उभा राहायचो. त्यामुळे मालिकेची सुरुवात माझी बहुतेक वेळा हुकली, पण त्यावर लोक काय बोलले ते एकदाही हुकलं नाही.

टीव्ही मुंबईत सुरू झाला 2 ऑक्टोबर 1972 ला. आमच्यासाठी ती फक्त वर्तमानपत्रातली बातमी होती. 1975-76 मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. शेजारचा मध्य प्रदेश होता, पण तिथलीही गावं रायपूरकडची, आमच्या खेतियाकडची नव्हेत. खरा फरक पडला तो इन्सॅट-1बी मुळे. 30 ऑगस्ट 1983 ला चॅलेंजर यानातून तो वर गेला आणि पुढच्या वर्षी देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा सपाटा लागला. शंभर वॅटचा प्रक्षेपक, पल्ला फार तर वीस-पंचवीस किलोमीटर. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत. त्यामुळे पल्ल्याच्या टोकाला असलेल्यांनी बांबूला बांबू जोडून अँटेना चढवली आणि सातपुड्याच्या आतल्या गावांनी बरीच वर्षं वाट पाहिली.

तेव्हाचा संच म्हणजे लाकडी खोक्याचा, सरकत्या शटरचा, काळा-पांढरा. विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडे आणि चित्र दोन्ही बाजूंनी आकसत जाई. ऊस आणि केळीला पाणी सुरू असलं की पडद्यावरची सगळी माणसं रोड दिसत. गल्लीतून लुना गेली की ठिपक्यांची एक आडवी रेघ चेहऱ्यावरून सरके. वीजच गेली तर चौदा इंची पोर्टेबल संच ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडायचा. बारा व्होल्टवर तो निवांत चाले. ती जोडणी करायला मीच असायचो. लाल तार कुठली आणि काळी कुठली हे पोरंही शिकली होती. उलटी जोडली तर आतला फ्यूज जाई आणि मग रविवारच जाई.

अशा पडद्यावर 1980 च्या दशकाच्या मधल्या वर्षांत रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' आली. अमेरिकेत ती 1966 ते 1969 या काळात दाखवून झालेली, 79 भागांची मालिका. आमच्याकडे ती नवीकोरी होती. भाषा इंग्रजी, खाली अक्षरं नाहीत. शाळेतल्या मास्तरांना मध्ये बसवून अर्थ विचारायचा आणि मास्तरांनी तो बेधडक ठोकून द्यायचा, असा प्रकार. लांब कानांचा स्पॉक पहिल्याच भागात सगळ्यांना पटला. न हसणारा, हिशेबानं बोलणारा माणूस आमच्या भागात सावकारीत किंवा सोसायटीत दिसतोच. पण यान पडद्यावरून सरकलं तेव्हा खाटेवर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "हाई इमानले डिझल कोन देस रे?"

सगळे हसले, पण प्रश्न खोटा नव्हता. डिझेलच्या कॅनसाठी पंपावर ताटकळलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. मग त्याला जोड मिळाली: एवढ्या माणसांना पाणी कुठून? जेवण कोण रांधतं? झाडलोट कोण करतं? ही सगळी गर्दी शेतकरी, साखर कारखान्यातले कामगार आणि त्यांच्या बायका यांची. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात बॉयलर बंद पडला की काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. मोठं यंत्र दिसलं की त्याच्या मागचं इंधन, पाणी आणि माणूस शोधायची त्यांच्या नजरेला सवय होती.

गंमत अशी की त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मालिकेतच होतं, इंग्रजीत असल्यामुळे आमच्यापर्यंत पोचलं नाही. ते यान द्रव्य आणि प्रतिद्रव्य एकमेकांवर आदळून चालतं. इंजिनखान्यात स्कॉटी नावाचा अभियंता आहे, आणि इंजिन आता भार सोसणार नाही अशी त्याची कुरकुर सतत चालू असते. पुढे नीट समजून पाहिली तेव्हा सबंध मालिकेत मला तोच जवळचा वाटला. आणि माणसं एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उगवतात, ती युक्तीही विज्ञानातून आलेली नाही. प्रत्येक भागात यान ग्रहावर उतरवून दाखवायचं तर खर्च परवडेना, म्हणून ती काढली. हे तेव्हा लोणखेड्यात कुणी सांगितलं असतं, तर मालिकेबद्दलचा आदर वाढलाच असता. काटकसर आम्हाला कळते.

मुलांची गोष्ट निराळी. त्यांना 'जायंट रोबोट' हवा होता. जपानी मालिका, त्यात एक पोरगा मनगटावरच्या घड्याळात बोलून अवाढव्य यंत्रमानवाला बोलावतो. पहिला भाग झाला त्याच दुपारी गावातली पोरं वडिलांच्या एचएमटी घड्याळांशी बोलत फिरत होती. एकानं तर घड्याळ उघडून आत माइक कुठे बसतो ते पाहिलं. ते घड्याळ माझ्याच दुकानात आलं. मी त्याला घड्याळवाल्याकडे पाठवलं, पण आत माइक नाही हे त्या पोराला आधी मी समजावून सांगितलं.

मग हिंदीतली मालिका आली आणि मास्तरांचा मान गेला. 'स्पेस सिटी सिग्मा' बद्दल मी फार बोलणार नाही. तिची भिंत हलते हे आमच्या मुंग्यांच्या पडद्यावरही दिसत होतं. 1989 ची 'इंद्रधनुष' मात्र जमली होती. आनंद महेंद्रूंची. मुलं संगणक जोडतात आणि त्यातून थेट देवयानी दीर्घिकेशी संबंध येतो, अशी गोष्ट. गिरीश कर्नाड होते, ऊर्मिला मातोंडकर होती, आशुतोष गोवारीकर होते आणि तेव्हा कुणालाही ठाऊक नसलेला करण जोहर होता. तोवर गावात संगणक कुणी पाहिलेला नव्हता. पण सुटे भाग जोडून यंत्र उभं करणारी पोरं पाहून माझ्या दुकानात चार मुलं शिकायला यायला लागली. दोघं अजून याच धंद्यात आहेत. कर्नाड पुढे 'टर्निंग पॉइंट' मध्येही दिसले. तिथे प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. तो कार्यक्रम आमच्या लोकांना कुठल्याही मालिकेपेक्षा जास्त आवडला, कारण त्यात प्रश्न विचारायची सोय होती.

एक अडचण होती, ती म्हणजे महाभारत. 2 ऑक्टोबर 1988 पासून रविवारची सकाळ बी. आर. चोप्रांची झाली. दोन बाणांची आकाशात टक्कर होते, प्रकाश पडतो, एक बाण विरून जातो. हे पाहिलेल्या माणसाला यानातून सुटणाऱ्या किरणांचं अप्रूप काय? पुष्कळांनी दोन्ही गोष्टी एकाच कप्प्यात टाकल्या. माझ्या मते नुकसान तिथे झालं. अस्त्राला इंधन लागत नाही, ते मंत्रानं सुटतं, म्हणून तिथे कुणी डिझेल विचारत नव्हतं. हिंदी विज्ञानमालिका करणाऱ्यांनी तोच सोपा रस्ता धरला. शिरस्त्राण नवं, बाकी सगळं पौराणिक. 1998 मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली तेव्हा याचा कळस झाला. 2123 साल, अंतराळातल्या तुरुंगातून पळालेले बारा अट्टल गुन्हेगार आणि त्यांच्या मागावर मिलिंद सोमण. संगणकावर काढलेली दृश्यं त्या काळाच्या मानानं धाडसी होती, हे कबूल. त्याच वर्षी 1 जुलैला धुळ्यातून फुटून नंदुरबार जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात पहिला भाग पाहताना गावातला एक जण म्हणाला, बारा दैत्य आणि एक देव, गोष्ट माहीत आहे. पुढचे भाग त्यानं पाहिले नाहीत. मी पाहिले, पण त्याचं म्हणणं खोडून काढता आलं नाही.

मराठीत माल नव्हता असं नाही. 'केरळकोकिळ' मासिकानं 1900 च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत आणली होती. भा. रा. भागवतांनी तोच व्हर्न मुलांच्या हाती दिला. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. बक्षीस मिळालं. 'यक्षांची देणगी' आणि 'प्रेषित' मला शहाद्यात वाचायला मिळाली आणि पहिल्यांदाच असं झालं की मी डिझेलचा प्रश्न विचारायच्या आत लेखकानं उत्तर दिलेलं होतं. अंतर किती, वेळ किती, निरोप पोचायला किती वर्षं, सगळं हिशेबात. आमच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला नारळीकर भेटायला हवे होते. त्यांचं 'ब्रह्मांड' नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आलं, पण ती माहितीची मालिका. गोष्ट तिच्यात नव्हती.

आणखी एक प्रसंग या इतिहासात धरला पाहिजे, जरी तो मालिकेतला नाही. 29 सप्टेंबर 2010 ला आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार ओळख दिली गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांचे फोटो. डोळा दाखवून दार उघडणारी माणसं आम्ही पडद्यावर पाहिली होती. ती गोष्ट मुंबई-दिल्लीच्या आधी टेंभलीत आली. तेव्हाही तालुक्यातल्या लोकांनी तेच केलं जे पहिल्या भागाला करत. डोळ्याचा फोटो झाला, ठीक. आता रेशन मिळेल का? कामाचं काय?

आता पहिला भाग एकट्यानं पाहायचा असतो. माझा पुतण्या लोणखेड्याच्या कॉलेजात शिकतो. मार्च 2024 मध्ये आलेली 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' त्यानं फोनवर लावली आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचून मला अर्थ सांगत बसला. लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या कादंबरीवरची मालिका. सांस्कृतिक क्रांतीत वडिलांना डोळ्यांदेखत मारलेलं पाहिलेली एक शास्त्रज्ञ बाई अंतराळात निरोप पाठवते, सूर्याचा वापर बूस्टरसारखा करून. हे ऐकल्यावर मी सरसावून बसलो. बूस्टर हा माझ्या धंद्यातला विषय. उत्तर येतं आणि मग तिकडून निघालेल्यांना इथे पोचायला चारशे वर्षं लागणार असतात. मी हिशेब मांडला: अंतर चार प्रकाशवर्षांहून थोडं जास्त, वेग प्रकाशाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. जुळतंय. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही गोष्ट बघा ना, गणित काय करताय?" पण गोष्ट तीच आहे. शत्रू चारशे वर्षांनी येणार म्हटल्यावर आज कुणी काय करायचं, हा पेच त्या गणितातूनच उभा राहतो. दूरच्या पिकाची आज तजवीज करणाऱ्या माणसांना तो लगेच कळेल. माझं मत पहिल्या भागानंतरच ठरलं आणि आठही भाग पाहून ते बदललं नाही: मालिका दमदार आहे, पात्रं मात्र जास्तच देखणी आहेत आणि कुणी घरचं काम करताना दिसत नाही.

आपल्याकडे हे का होऊ नये? नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण आहे. परग्रहाशी संपर्काची गोष्ट सांगणारी 'प्रेषित' आपल्याकडे चार दशकांहून अधिक काळ छापून पडली आहे. नारळीकर 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 20 मे 2025 ला गेले. त्यांच्या गोष्टीवरची लांबलचक मराठी मालिका माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. कुणी निर्माता हे वाचत असेल तर त्यानं मनावर घ्यावं. मराठीत करावी, हिशेबाला पक्की करावी, यान दाखवलं तर त्याचं इंधन पहिल्याच भागात सांगावं. आणि तो पहिला भाग पुण्या-मुंबईत दाखवण्याआधी एकदा लोणखेड्यात आणावा. पडद्याची आणि बॅटरीची सोय मी करून ठेवतो.