फळासोबत आंबवलेली कॉफी : हलक्या भाजणीवर चव कशी तपासावी?

चिकमगळूर, कोडगू भागातील काही बागायतदार अरेबिका कॉफी आंबवताना टाकीत अननस, पॅशन फ्रूट यांसारख्या फळांचा गर घालतात. अशा मालाला स्पेशालिटी बाजारात मागणी असते. मात्र टाकीला येणारा फळाचा सुवास म्हणजे कपातील चव नव्हे. संपूर्ण तोडणी या पद्धतीने आंबवण्याआधी छोट्या प्रयोगाची चव तपासणे गरजेचे आहे. आपल्याकडे चिखलदरा परिसरातील कॉफी उत्पादकांनाही हीच पद्धत वापरता येईल.

आंबवताना काय घडते?

कॉफी बीवरील चिकट गरातील साखर यीस्ट व जिवाणू खातात. फळ घातल्याने साखर आणि आम्ल दोन्ही वाढतात. आंबण्याचा वेग बदलतो व सुवासिक घटक जास्त तयार होतात. त्यामुळे साध्या लॉटसाठी ठरवलेले तास येथे लागू पडत नाहीत. आंबट फळामुळे सामू सुरुवातीलाच कमी असतो, म्हणून केवळ सामूवर निर्णय घेऊ नये. सामू, तापमान व तास या तिन्हींची नोंद ठेवावी.

तुलनेसाठी साधा लॉट ठेवा

- एकाच दिवशी, एकाच प्लॉटमधून तोडलेल्या पूर्ण पिकलेल्या फळांचे दोन समान भाग करावेत. प्रत्येकी २० ते २५ किलो पुरेसे आहे.
- एका भागात फळाचा गर घालावा, दुसऱ्यात घालू नये. बाकी सर्व कामे सारखी करावीत.
- दोन्ही लॉट १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावेत.

साधा लॉट नसेल तर चव फळामुळे आली की मूळ कॉफीची होती, हे कधीच कळत नाही.

भाजणी हलकीच का?

गडद भाजणीत कडवटपणा व धुराचा वास वाढतो आणि आंबवणीतील गुणदोष झाकले जातात. हलक्या भाजणीत ते उघडे पडतात. बी पहिल्यांदा तडतडल्यानंतर थोड्याच वेळात भाजणी थांबवावी. दोन्ही लॉट सारखेच भाजावेत व ८ ते २४ तासांनी चाखावेत. दूध, साखर, चिकोरी घालू नये.

चाखण्याची पद्धत

१. प्रत्येक लॉटचे पाच कप मांडावेत. कपांना नावाऐवजी खुणेचे आकडे द्यावेत.
२. दर कपासाठी १५० मिलि पाण्याला ८.२५ ग्रॅम बी घ्यावे. प्रत्येक कपाचे बी वेगळे मोजून वेगळे दळावे. एखादे जास्त आंबलेले बी असल्यास दोष त्याच कपात सापडतो.
३. पूड दक्षिणी फिल्टर कॉफीच्या पुडीपेक्षा जाडसर ठेवावी. आधी कोरड्या पुडीचा वास घ्यावा.
४. सुमारे ९३ अंश सेल्सिअसचे पाणी ओतावे. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडून वास घ्यावा व फेस काढून टाकावा.
५. पाणी ओतल्यापासून ८ ते १० मिनिटांनी चमच्याने सुरका मारून चाखावे. नंतर कोमट व थंड झाल्यावर पुन्हा चाखावे.

थंड कपाची चव सर्वांत महत्त्वाची आहे. गरम असताना सुवास पुढे असतो. निवल्यावर आम्ल, गोडवा व दोष स्पष्ट होतात.

चवीवरून काय ओळखावे?

- फळाची चव, गोडवा आणि मागे कॉफीची स्वतःची चव : आंबवण योग्य.
- फक्त फळाचा वास, पण घोट पातळ व गोडवा नाही : मूळ फळे कच्ची असण्याची शक्यता.
- शिर्क्यासारखा झोंबणारा आंबटपणा, शिळ्या ताडीचा वास : आंबवण जास्त झाली.
- कुजलेल्या कांद्याचा वास : टाकीत सडण झाली.
- बुरशी, मातीचा वास : वाळवण लांबली किंवा माल पुन्हा भिजला.
- पाचपैकी एकच कप बिघडलेला : निवड व सफाई कमी पडली.

तीन कपांची परीक्षा

दोन कप एका लॉटचे व एक दुसऱ्याचा मांडून वेगळा कप ओळखायला सांगावे. चाखणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो ओळखता आला नाही, तर फळावरचा खर्च वाया गेला असे समजावे. ओळखता आला, पण साधा कपच जास्त आवडला, तरीही निर्णय तोच.

विक्रीपूर्वी

१०० पैकी ८० किंवा अधिक गुणांची कॉफी स्पेशालिटी मानण्याची प्रथा आहे. फळ घालून निकृष्ट फळांची प्रत सुधारत नाही. महिना-दोन महिने साठवलेला नमुना पुन्हा चाखावा, कारण फळाचा सुवास उतरू शकतो. कोणते फळ, किती प्रमाणात व किती तास वापरले हे खरेदीदाराला लेखी कळवावे. अर्क किंवा इसेन्स लावून फळासोबत आंबवल्याचे सांगणे ही फसवणूक आहे. काही स्पर्धांच्या नियमांत असा माल बसत नाही, त्यामुळे नमुना पाठवण्याआधी नियम वाचावेत.

निवलेला कप साध्या लॉटपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला आणि खरेदीदार निश्चित असेल, तरच पुढील हंगामात प्रमाण वाढवावे.