खोल मातीचा नांगर

शरद ऋतू लागला की जबलपूरच्या भोवतालची पडीक राने पांढऱ्या तुऱ्यांनी भरून जातात. गोरखपूरहून ग्वारीघाटाच्या दिशेने नर्मदेकडे निघालेल्या माणसाला नदीकाठी हे कांसाचे गवत डुलताना दिसते आणि पावसाळा सरल्याची खूण पटते. डोळ्यांना सुखावणाऱ्या या गवताने नर्मदाखोऱ्यातील शेतकऱ्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या जेरीस आणले. वर दिसणाऱ्या तुऱ्यांहून त्याचा जमिनीखालचा पसारा कितीतरी मोठा असतो. मुळे आणि कंद इतके खोल उतरतात की साध्या औताचा फाळ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. वरवर तोडलेल्या कंदाच्या प्रत्येक तुकड्याला नवा कोंभ फुटतो. जमीन खोलवर मोकळी कशी करावी, हा प्रश्न म्हणूनच या प्रदेशाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्याची उत्तरे निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या माणसांनी शोधली. त्यांतील एक उत्तर बेळगावच्या एका मराठी माणसाने लोखंडात ओतले, तर दुसरे जबलपूरच्या शेतकऱ्याने त्याच्या पुष्कळ आधी पाण्यात शोधून ठेवले होते.

काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात घेतल्यावाचून या प्रश्नाचा अवघडपणा कळत नाही. ही माती पावसात फुगते आणि लोण्यासारखी चिकट होते. उन्हाळ्यात ती आकसते, दगडासारखी कठीण बनते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती ओली असताना औत रुतते, वाळल्यावर फाळ शिरत नाही. या दोन अवस्थांमधले मोजके दिवस तेवढे शेतकऱ्याच्या हाती असतात. म्हणूनच महाराष्ट्रात वखर आणि जबलपूरकडे बखर म्हणून ओळखले जाणारे रुंद पात्याचे औत या मातीत अधिक रुळले. ते वरची काही बोटे माती सारखी करते, लहानसहान तण कापते. खालच्या थराला ते स्पर्श करीत नाही.

खोल काम करायचे तर नांगर हवा. जुना नांगर बाभळीच्या लाकडाचा असे. सुताराने घडवलेले त्याचे खोड, त्यात बसवलेला लोखंडी फाळ, बैलांच्या जुवापर्यंत जाणारी लांब दांडी आणि हाती धरायचे रुमणे, एवढाच त्याचा संसार. हा नांगर माती फाडतो, पण उलथवीत नाही. त्याचे तास खाली निमुळते होत जाते आणि दोन तासांच्या मध्ये न नांगरलेला पट्टा राहून जातो. त्यामुळे तेच शेत उभे-आडवे दोनतीनदा नांगरावे लागे. दख्खनच्या भारी जमिनीत मोठ्या लाकडी नांगराला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या जुंपल्या जात. एवढी जनावरे बाळगणे ज्याला परवडत नसे, त्याची जमीन हरळीने व्यापली जाई.

बैलांच्या ताकदीचा हिशोब नांगर घडवणाऱ्याला चुकवता येत नाही. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी ओढ दिवसभर देऊ शकतो. चारचारशे किलोंच्या दोन बैलांकडून, म्हणजे, ८० किलोंच्या आसपास ओढीची अपेक्षा करता येते. नांगर जितका खोल जाईल तितकी कापली जाणारी माती वाढते. शिवाय खालची माती अधिक दाबलेली असते, म्हणून खोली दुप्पट केली की ओढ दुपटीहून अधिक होते. फाळाचा कोन, मातीची वडी उचलून पालथी करणाऱ्या पंखाचा बाक आणि दांडीची उंची यांत थोडा फरक पडला तरी बैलांना तो जाणवतो. पंखाचा बाक मातीला साजेसा असेल तर ती त्यावरून घसरून पुढे पडते. नसेल तर चिकटून बसते आणि बैल नांगराबरोबर ती मातीही ओढू लागतात.

पाश्चात्त्य देशांनी हा विचार आधीच सुरू केला होता. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये ओतीव फाळाची एक बाजू झटकन थंड करून कठीण करण्याची युक्ती काढली. मऊ बाजू आधी झिजत गेल्याने असा फाळ वापरता वापरता आपोआप धारदार राही. अमेरिकेत इलिनॉयच्या चिकट मातीला ओतीव लोखंडाचे नांगर पुरे पडेनात, तेव्हा जॉन डिअर या लोहाराने १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादी पृष्ठभागाचा नांगर बनवला. असे परदेशी नांगर पुढे हिंदुस्थानातही आले. परंतु ते दुसऱ्या मातीसाठी आणि दुसऱ्या जनावरांसाठी कल्पिलेले होते. दख्खनचा शेतकरी आणि त्याची बैलजोडी त्यांच्या आराखड्यात नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न ज्यांनी केला ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात शिक्षक होते, ही गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत आवर्जून नोंदवण्याजोगी आहे. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण रंगांचे काही भेद त्यांच्या दृष्टीला उमगत नसत, त्यामुळे रंगकाम सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बंधू रामूअण्णांसह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले होते. नोकरी सोडल्यावर त्या दुकानाचा त्यांनी हळूहळू कारखाना केला. तेथे आधी कडबा कापण्याचे यंत्र बनले आणि १९०३ मध्ये पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

नांगर तयार झाला तरी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, पीक जळते, अशी समजूत दृढ होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. पुढे ही हकिगत शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगितली जाऊ लागली. परंतु त्याच्या बाजूने पाहिले तर तिचा निराळा अर्थ लागतो. लाकडी नांगर मोडला की गावचा सुतार आणि लोहार तो बलुत्याच्या बोलीवर दुरुस्त करून देत. ओतीव लोखंडाचा तुटलेला भाग गावच्या भात्यावर सांधता येत नाही. ऐन नांगरटीत नांगर मोडून पडला तर वर्ष वाया जाण्याची भीती. शिवाय खालची माती एकदम वर आली की मोठी ढेकळे निघतात आणि ती नीट तापून भिजेपर्यंत पेरणी साधत नाही. ज्याचे सारे घर एका हंगामावर उभे आहे, त्याने नव्या वस्तूला विष म्हणावे यात नवल नाही. त्या शब्दामागे जोखमीचे भान होते.

लक्ष्मणरावांना हे भान समजून घ्यावे लागले. नांगर खपायचा तर बोथट झालेला फाळ शेतकऱ्याला बांधावर उभे राहून बदलता आला पाहिजे, सुटे भाग त्याला वेळेवर मिळाले पाहिजेत आणि त्याने आपल्याच बैलांनी आपल्याच शेतात नांगर चालवून पाहिला पाहिजे. कारखान्यातला आराखडा असा शेताच्या कसोटीला उतरत गेला, तसा विश्वास वाढत गेला.

मग दुसरेच संकट आले. नव्या वसाहतीसाठी बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा घेतली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा निवडुंगाने भरलेला माळ आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगरांची आवक आटली. देशी नांगराला मागणी आली, पण ओतकामासाठी लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. जबलपूरकरांना या घटनेचे विशेष वाटावे. १९०४ मध्ये जबलपुरात स्थापन झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत तोफांचे गाडे घडत होते, त्याच काळात कृष्णाखोऱ्यात तोफांचे नांगर होत होते.

जबलपूरचे आणि मराठी मुलखाचे नाते तसे जुने. १७८१ पासून १८१७ पर्यंत हा प्रदेश मराठ्यांच्या अमलाखाली होता. पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात नांदले. काळी मातीही दोन्हीकडची. तरीही खोल मातीचा प्रश्न जबलपूरच्या शेतकऱ्याने अगदी वेगळ्या रीतीने सोडवला होता. त्या रीतीला हवेली म्हणतात.

हवेली पद्धतीत शेताच्या चारी बाजूंना रुंद, उंच बांध घालतात आणि पावसाळाभर शेतात पाणी साठवून ठेवतात. खरिपाचे पीक घेतच नाहीत. भादवा-आश्विनात पाणी सोडून देतात. वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतातून जाणार असल्याने ते उताराच्या क्रमाने आणि शेजाऱ्यांच्या संमतीनेच सोडावे लागते. पाण्याखाली तीनचार महिने राहिलेली माती आतपर्यंत भिजून मऊ होते, तण कुजते आणि थोड्याशा मशागतीत गहू-हरभरा पेरता येतो. मुरलेल्या ओलीवर पीक हाती येते. फार खोल नांगरटीची गरजच उरत नाही. जे काम अन्यत्र फाळ आणि चार बैलजोड्या करीत, ते येथे साठवलेले पावसाचे पाणी करी. कांसालाही साचलेले पाणी मानवत नसे, त्यामुळे बांध शाबूत असलेल्या शेतात तो सहसा टिकत नसे.

बांध नसलेल्या रानांचे हाल मात्र वेगळे होते. १८९० नंतरच्या दशकात गव्हावर तांबेरा पडला, पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे भीषण दुष्काळ आले. माणसे आणि बैल दोन्ही खचले, शेते पडीक राहिली आणि त्यांवर कांसाने कबजा केला. ज्याच्यापाशी धड एक जोडी उरली नव्हती त्याला खोल नांगराचा उपयोग तरी काय? स्वातंत्र्यानंतर अन्नटंचाईच्या दिवसांत केंद्र सरकारने हे काम सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनकडे सोपवले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने अशा जमिनी मोकळ्या करण्याच्या यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. साखळपट्ट्यांवर चालणारे अवजड ट्रॅक्टर मध्य भारतातील रानांत उतरले आणि उन्हाळ्यात फूटभर खोल नांगरट करून कांसाचे कंद उन्हात वाळायला उघडे पाडू लागले. लाखो एकरांच्या उद्दिष्टाचे ते काम होते. तरी पुढे त्या शेतात नियमित मशागत राहिली नाही, तर कांस पुन्हा डोके वर काढी.

१९६४ मध्ये जबलपुरात जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने येथे सोयाबीनचे प्रयोग झाले आणि पुढे हे पीक मध्य प्रदेशभर पसरले. पावसाळ्यात रिकामे राहणारे शेत पैसा देऊ लागले, ही मोठीच गोष्ट होती. पण सोयाबीनला साचलेले पाणी सोसत नाही. जेथे ते आले तेथे हवेलीचे बांध फुटले किंवा मोडले गेले. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. त्याचे वजन आणि वर्षानुवर्षे एकाच खोलीवर होणारी नांगरट यांमुळे फाळाच्या तळाशी मातीचा कठीण थर तयार होतो. मुळे तेथे अडतात, पाणी खाली मुरत नाही. १९८९ मध्ये जबलपुरात तणविज्ञानाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. तणाचा आणि मशागतीचा जुना प्रश्न नव्या रूपात याच शहरात अभ्यासला जाऊ लागला.

हा कठीण थर फोडण्यासाठी आज सबसॉयलर वापरतात. त्याला माती उलथवणारा पंख नसतो. एक मजबूत उभा दांडा आणि त्याच्या टोकाला अरुंद फाळ, एवढेच. तो वरची माती वर आणि खालची खाली ठेवून आतला थर तडकावतो. जमीन कोरडी असतानाच हे साधते. ओल्या मातीत तो नुसती चीर पाडून पुढे जातो. म्हणजे एवढ्या सामर्थ्यवान यंत्रालाही मातीच्या योग्य वेळेची वाट पाहावी लागते. हवेलीचा शेतकरी तीच वाट पाहत बांधावर उभा राहत असे.

जबलपूरच्या मराठी कुटुंबांकडे, अशा रीतीने, दोन वारसे आहेत. लक्ष्मणरावांची कथा घराघरांत उद्योगाची कथा म्हणून सांगितली जाते आणि ती सांगितली जावीच. तिच्या शेजारी हवेलीची कथाही मुलांच्या कानी पडली पाहिजे. तिला एका कर्त्याचे नाव नाही, तिचा कारखाना नाही, आणि तिचे बांध दरवर्षी थोडे थोडे नाहीसे होत आहेत. नांगराचा आराखडा कागदावर जपता येतो. वरच्या शेताचे पाणी कोणत्या दिवशी आणि कोणाच्या शेतातून सोडायचे, हे ज्ञान मात्र ते सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबरोबर जाते. शहराच्या वेशीबाहेर अजून उभे असलेले असे काही बांध मुलांना दाखवायला वेळ आहे, तोवर ते दाखवले गेले पाहिजेत.