रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड



दशलक्षण पर्वात एका दुपारी स्वाध्याय संपला, सगळ्या उठल्या, आणि एक काकू मागे थांबल्या. म्हणाल्या, "ईसीजी झाला, टूडी इको झाला, थायरॉईडही तपासलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही नाही. मग रात्री दोन वाजता छाती धडधडते, हातांना मुंग्या येतात, ते काय आहे?" थोडं थांबून हळूच म्हणाल्या, "घरी जास्त बोलले तर त्या गेटातून आत नेतील."

कोणतं गेट, हे रत्नागिरीत कुणाला सांगावं लागत नाही. पण त्या गेटाची आणि त्या धडधडीची गोष्ट खरं तर वेगवेगळी आहे. दोन्हींचा इतिहास थोडा बघितला की काकूंची भीती निम्मी कमी होईल असं मला वाटतं.

आपल्याकडचं सरकारी मनोरुग्णालय १८८६ सालचं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला कैद करून रत्नागिरीत आणलं तेही याच वर्षी. तेव्हा अशा जागांना वेड्यांचं इस्पितळच म्हणत. १९१२ च्या कायद्यातही 'वेडा' हाच शब्द होता, आणि रुग्णाला दाखल करायला बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. १९२० नंतर पाटीवरचं नाव बदलून मनोरुग्णालय झालं. १९८७ चा आणि मग २०१७ चा कायदा आला, आणि आता मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. माझं माहेर सांगलीकडचं; तिकडचेही रुग्ण इथे येतात. पण जुनी भीती काही पाटीबरोबर बदलली नाही.

मग ज्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे, स्वयंपाक, देवपूजा, मुलांचे डबे सगळं वेळेवर होतंय, पण पोटात गोळा येतोय आणि जीव घाबरा होतोय, तिने जायचं कुठे? तिला जागाच नव्हती. कुणी काढा देई, कुणी अंगारा लावी, कुणी बाहेरची बाधा म्हणून नारळ उतरवी. देवमूढता आणि लोकमूढता सोडा असं आपलं शास्त्र सांगतं, तरी आपल्याही काही घरांतून हे झालेलं आहे.

परदेशात तरी बरं होतं का? तिथे शेकडो वर्षं बाईच्या अशा त्रासाला 'हिस्टेरिया' म्हणत. हा शब्दच गर्भाशयासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला. म्हणजे दोष बाईपणाचा! गंमत अशी की १८७१ मध्ये अमेरिकेतल्या दा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी यादवी युद्धातल्या तीनशे सैनिकांचा अभ्यास छापला. छातीत धडधड, दम लागणं, छातीत दुखणं, आणि बऱ्याच जणांच्या हृदयात बिघाड सापडेना. पुरुषांना झालं तेव्हा त्याला 'सैनिकाचं हृदय' असं मानाचं नाव मिळालं. अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या रोगसूचीतून हिस्टेरिया हे नाव १९८० मध्ये गेलं आणि अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्याला स्वतःचं वेगळं नाव मिळालं.

शरीरात नेमकं काय होतं, हे उलगडण्यात वॉल्टर कॅनन यांचा मोठा वाटा. मांजराला खाऊ घालून क्ष-किरणांतून तिच्या पोटाची हालचाल पाहताना त्यांना दिसलं, की मांजर बिथरली की पोटाचं काम थांबतं. १९१५ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की भीती वाटली की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. हृदय जोरात चालतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं, पचन मागे पडतं. म्हणून पोटात गोळा. श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना आणि ओठांना मुंग्या आणि डोकं हलकं. समोर वाघ असेल तर हे सगळं उपयोगाचं. पण वाघाऐवजी मुलाचा निकाल किंवा नवऱ्याचं कर्ज असेल, तर पळायला जागा नसते आणि सज्जता तशीच राहते. म्हणजे काकूंचा त्रास खोटा नव्हताच. रिपोर्ट हृदयाचा होता, भीतीचा नव्हता.

आता आपल्याकडे वळूया. आहार, भय, मैथुन, परिग्रह या चार संज्ञा आपण लहानपणी पाठशाळेत घोकल्या. भयसंज्ञा संसारी जीवांना लागलेलीच आहे. तिची लाज कसली? दहाव्या शतकातल्या नेमिचंद्राचार्यांच्या गोम्मटसारात तिची चार कारणं दिली आहेत: भयंकर काही दिसणं, त्याच गोष्टीकडे उपयोग लागून राहणं, शक्ती कमी असणं, आणि भयकर्माची उदीरणा. दुसरं आणि तिसरं कारण पुन्हा वाचा. तोच तोच विचार, आणि थकलेलं शरीर. रात्री दोनला नेमकी हीच दोन कारणं हजर असतात.

महाराष्ट्रातही यावर काम झालं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाहिया यांनी पतंजलींच्या पद्धतीवर आधारलेले उपचार अशाच चिंताग्रस्त रुग्णांवर वापरले आणि १९६६ पासून परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत मांडले.

आपल्या एका कायोत्सर्गात नऊ णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वासांत. म्हणजे एका मंत्राला तीन श्वास. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जपमाळ आणि मंत्र म्हणणाऱ्यांना तपासलं, तेव्हा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येत होता आणि हृदयाची लय सुधारत होती. त्या गतीने सत्तावीस श्वासांना साडेचार मिनिटं लागतात. कायोत्सर्ग औषध म्हणून सांगितलेला नाही, तो देहाचं ममत्व सोडण्यासाठी आहे, हे विसरायचं नाही. पण ममत्व सोडताना देहही निवांत होत असेल तर त्यात वाईट काय? आपण मात्र नऊ णमोकार अर्ध्या मिनिटात उरकतो.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. धडधड झाली की आधी हृदय, हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासायचंच. "मनाचं आहे" असं घरच्या घरी ठरवायचं नाही. उपवासातली चक्कर ही वेगळी गोष्ट. आणि सगळं नॉर्मल येऊनही त्रास राहिला, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे जायचं. त्यासाठी दाखल व्हावं लागत नाही, बाह्यरुग्ण विभागात बोलून परत येता येतं. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

काकूंना मी एवढंच सांगितलं, की "काही नाही" याचा अर्थ हृदय ठणठणीत आहे असा घ्या, त्रासच नाही असा नको. पुढच्या आठवड्यात त्या सुनेला घेऊन तज्ज्ञांना भेटून आल्या. त्या गेटातूनच गेल्या होत्या. परत येताना, म्हणाल्या, बाजारातून भाजी घेऊन आलो.