भाषाग्रहणाचा विचार आणि चुकीचे स्थान

मूल भाषा कशी आत्मसात करते हा प्रश्न विसाव्या शतकात मोठ्या वादाचा विषय झाला; परंतु भारतीय विचारवंतांनी तो कित्येक शतके आधी उपस्थित केला होता. मीमांसकांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. एक वडीलधारा दुसऱ्यास ‘गाय आण’ असे सांगतो व दुसरा गाय आणतो. जवळचे बालक हे पाहते. पुढे ‘घोडा आण’, ‘गाय बांध’ ही वाक्येही ते ऐकते. वाक्यात कोणते पद आले, कोणते गेले आणि त्यासरशी कृती कशी पालटली हे ताडून ते एकेका पदाचा अर्थ निश्चित करते. या रीतीस ‘आवापोद्वाप’ असे नाव आहे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त याहून मूलगामी शंका घेतली. बालकाच्या वागिंद्रियांची पहिली हालचाल त्यास कोण शिकवितो? त्याच्या मते ती उपजत ‘शब्दभावने’वाचून संभवत नाही.

पश्चिमेकडे हाच प्रश्न निराळ्या भूमीवर उभा राहिला. 1957 साली स्किनर यांनी भाषा ही अनुकूल प्रतिसादाने दृढ होणारी सवय होय, असे प्रतिपादन केले. 1959 मध्ये चॉम्स्की यांनी या ग्रंथाचे कठोर परीक्षण केले आणि पुढे उपजत भाषिक सामर्थ्याचा सिद्धांत मांडला. हा सिद्धांत भर्तृहरीच्या मताशी एकरूप मानणे मात्र युक्त नव्हे. भर्तृहरीचा संस्कार पूर्वजन्मींचा आहे, चॉम्स्कींचे सामर्थ्य जैविक आहे.

या वादात निर्णायक साक्ष मिळाली ती मुलांच्या बोलण्यातून. 1958 साली जीन बर्को यांनी मुलांपुढे ‘वग’ नावाचा एक काल्पनिक प्राणी ठेवला. तो शब्द मुलांनी पूर्वी कधी ऐकलेला नव्हता. तरी त्यांनी त्याचे अनेकवचन बिनचूक केले. मराठी मूल ‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणते, तेव्हा तेही अनुकरण करीत नसते. ते नियम लावीत असते. 1973 मध्ये रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांच्या अभ्यासावरून दाखविले की, इंग्रजीतील 14 व्याकरणिक रूपे आत्मसात होण्याचा वेग मुलागणिक भिन्न असला, तरी क्रम बव्हंशी समान असतो. पुढे 2003 साली टोमासेलो यांनी इतरांचा हेतू ओळखण्याच्या बालकाच्या क्षमतेवर भर दिला, आणि वडीलधाऱ्यांचा व्यवहार पाहणाऱ्या मीमांसकांच्या बालकास पुन्हा महत्त्व आले.

दुसऱ्या भाषेचा विचारही याच वाटेने गेला. लाडो यांच्या 1957 च्या ग्रंथात अडचणींचे मूळ दोन भाषांतील भेदात शोधले होते. हिंदी भाषक ‘माझी पुस्तक’ म्हणतो, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. अशा चुकांचा उलगडा या मताने होतो. पण ज्यांचा उगम मातृभाषेत सापडत नाही, अशा चुकांचे काय? 1967 मध्ये कॉर्डर यांनी चूक हा शिकणाऱ्याच्या अंतर्गत नियमव्यवस्थेचा पुरावा ठरविला. 1972 मध्ये सेलिंकर यांनी तिला स्वतंत्र भाषाव्यवस्थेचा दर्जा दिला. भारतात एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतील शाळांत, नियम आधी न शिकविता, अर्थपूर्ण कार्ये सोडवून घेत इंग्रजी शिकविण्याचा प्रयोग केला. त्याची ख्याती ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून झाली.

हा इतिहास केवळ तज्ज्ञांचा नव्हे. या देशात असंख्य मुले घरी एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरीत शिकतात. त्यांचे अशुद्ध वाक्य आपल्याकडे अजूनही अनेकदा बुद्धिमांद्याचे वा अनास्थेचे लक्षण मानले जाते. आपण ‘करले’ म्हणणाऱ्या बालकाचे कौतुक करतो. ‘माझी पुस्तक’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र उपहास येतो. वस्तुतः दोघेही ऐकलेल्या भाषेतून नियम उभारीत असतात. चूक सुधारू नये, असा याचा अर्थ नाही. सुधारण्यापूर्वी तिच्यामागचा नियम शिक्षकाने ओळखावा, एवढाच आहे.